आठ मिऱ्यांचा हिशेब

"ताई, हे आमच्या हिच्या फिटच्या गोळीबरोबर चालेल ना? झाडपाल्याचंच आहे," असं म्हणत काकांनी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक पिवळा डबा ठेवला. गुडघेदुखीसाठी मुलानं ऑनलाइन मागवून दिलेला. पुढे मोठ्या अक्षरांत हळदीतलं कर्क्युमिन, त्याहून मोठ्या अक्षरांत '2000 टक्के जास्त शोषण', आणि मागच्या बाजूला, चष्मा चढवल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, काळ्या मिरीचा अर्क.

काका हळदीबद्दल विचारत होते. माझी नजर मिरीवर अडकली होती.

का ते सांगायचं तर आधी आतड्यापर्यंत जावं लागेल. गोळी गिळली की ती शरीरात गेली, असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे ती अजून अंगणातच असते. तोंडापासून खालपर्यंतची नळी ही शरीरातून आरपार गेलेली गल्ली आहे, आणि त्या गल्लीतून रक्तात शिरायचं तर आतड्याच्या पेशींचा थर ओलांडावा लागतो. थर एकाच पेशीच्या जाडीचा, पण सहजासहजी कुणाला आत न घेणारा. आणि ते बरंच आहे. आपण दिवसभरात जे काही गिळतो ते सगळं थेट रक्तात गेलं असतं तर आठवडाभरही टिकलो नसतो.

या प्रत्येक पेशीभोवती एक पापुद्रा असतो. जाडी साधारण 5 नॅनोमीटर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा हजार पापुद्रे सहज मावतील. हा पापुद्रा मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा. पेशीच्या आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये तुपाचा तवंग. तुपात विरघळणारं औषध त्यातून पलीकडे सरकतं. पाण्यात विरघळणारं औषध तवंगावरच अडकतं. त्याला दोन पेशींच्या मधल्या फटीतून जाता येईल, पण त्या फटी प्रथिनांच्या टाक्यांनी घट्ट शिवलेल्या असतात. किंवा मग पेशीवर बसवलेल्या एखाद्या वाहक प्रथिनाचा हात धरून आत जायचं. असे वाहक असतात, पण ते ठरावीक रेणूंनाच ओळखतात.

इथवर शाळेत शिकलेलं असतं. पुढचा भाग शाळेत फारसा येत नाही, आणि मिरीची सगळी गंमत तिथेच आहे.

संध्याकाळी दादरला लोकलमध्ये शिरून पाहा. धक्काबुक्की करत तुम्ही आत पोचता, आणि मागून उतरणाऱ्यांचा लोंढा तुम्हाला उचलून पुन्हा प्लॅटफॉर्मवर आणून सोडतो. आतड्याच्या पेशीत असाच लोंढा काम करतो. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप पापुद्र्यातच बसलेले असतात. अनोळखी रेणू आत शिरला की ते त्याला पकडून परत आतड्याच्या पोकळीत फेकतात. हे प्रथिन टोरांटोत रुडी जुलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी 1976 मध्ये ओळखलं, तेही औषधाला दाद न देणाऱ्या पेशींचा पिच्छा पुरवताना. नावातला 'पी' पर्मिएबिलिटीचा, म्हणजे आरपार जाऊ देण्याच्या गुणाचा.

पंपाच्या तावडीतून सुटलं तरी पेशीच्या आत एन्झाइम टपलेली असतात, आपल्या जुन्या पुस्तकांतली विकरं. त्यातलं सगळ्यात कामसू म्हणजे सीवायपी3ए4. ते औषधाचा रेणू मोडतं. दुसरी एक टोळी रेणूला साखरेची शेपटी चिकटवून लघवीच्या किंवा पित्ताच्या वाटेला लावते. एवढ्यातून वाचलेलं औषध रक्तातून आधी लिव्हरमध्ये जातं, आणि तिथे तीच मंडळी आणखी मोठ्या संख्येनं बसलेली असतात. म्हणून 100 मिलिग्रॅमच्या गोळीतले कधी 80 मिलिग्रॅम अंगी लागतात, कधी 15, आणि कधी जवळपास काहीच नाही. डॉक्टर लिहून देतात तो डोस ही सगळी गळती आधीच धरून ठरवलेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

आता मिरी. तिचा तिखटपणा पायपरिन नावाच्या रेणूचा. पिंपळीतही तोच. सुंठ, मिरी, पिंपळी ही त्रिकटू आपल्याकडच्या चूर्णांत आणि काढ्यांत किती ठिकाणी डोकावते ते कुठल्याही वैद्यांना विचारा. सितोपलादीतही पिंपळी आहेच. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतले सी. के. अटल यांना 1970 च्या दशकात नेमका हाच प्रश्न पडला. दुखणं कुठलंही असो, ही तिघं सगळीकडे का? त्यांनी घरगुती आयुर्वेदिक औषधांच्या एका संग्रहातले 370 पाठ तपासले, तर 210 मध्ये त्रिकटू किंवा तिच्यातलं काहीतरी निघालं. मग उंदरांवर प्रयोग झाले. अडुळशातलं वासिसिन पिंपळीबरोबर दिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण 233 टक्क्यांच्या आसपास वाढलं. स्वतः रोग बरा न करता दुसऱ्या औषधाला रक्तापर्यंत पोचवणाऱ्या अशा पदार्थांना इंग्रजीत 'बायोएन्हान्सर' हे नाव मिळालं. आपण 'पोचवे' म्हणू. सासरी मुलीला पोचवायला जातात ना, तसे.

वैद्य अनुपान सांगतात, म्हणजे हे मधातून घ्या, ते तुपातून घ्या. त्यामागेही अशीच काही निरीक्षणं असणार, असं मला वाटतं. तुपात विरघळणारा पदार्थ तुपाबरोबर जास्त चांगला शोषला जातो, हे तर आजचं औषधशास्त्रही म्हणतं. पण 'आमच्या पूर्वजांना पंप माहीत होते' असं कुणी म्हणायला लागलं की मी दुकानातलं काम आठवल्याचं दाखवून उठते. त्यांना परिणाम दिसला होता. कारण नंतर सापडलं. दोन्हींचं मोल वेगवेगळं आहे आणि दोन्ही पुरेसं आहे.

पायपरिन नेमकं करतं काय? ते औषधाला आत ढकलतं अशी बहुतेकांची समजूत असते. थोडंफार तेही असावं, कारण पापुद्रा किंचित सैल झाल्याच्या आणि आतड्याच्या पेशींवरची केसांसारखी टोकं लांबल्याच्या नोंदी उंदरांवरच्या प्रयोगांत आहेत. पण त्याचं मुख्य काम उलट्या दिशेचं आहे. ते बाहेर फेकणारा पंप अडवतं, सीवायपी3ए4 ला अडवतं आणि शेपटी चिकटवणाऱ्या टोळीलाही अडवतं. म्हणजे गाडीत चढायला मदत कमीच, उतरणाऱ्यांचा लोंढा मात्र थोपवलेला. आणि लोंढा थोपवला की त्या वेळी गाडीत जो कुणी चढत असेल त्या प्रत्येकाचा फायदा होतो. मिरीला हळद आणि फिटची गोळी यातला फरक कळत नाही.

डब्यावरच्या 2000 टक्क्यांकडे वळू, कारण तो आकडा खोटा नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात झालेला प्रयोग 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते सापडलंच नाही किंवा अगदी नावाला सापडलं. त्यासोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर पहिल्या तासाभरात प्रमाण चांगलंच चढलं. हिशेबानं वाढ 2000 टक्के. पण शून्याच्या शेजारच्या आकड्याची वीसपट केली तरी तो आकडा लहानच राहतो, हे डब्यावर छापत नाहीत.

एकदा रविवारी दुकान बंद असताना मी घरच्या मिऱ्या मोजून काट्यावर ठेवल्या. शंभर दाण्यांचे जेमतेम 5 ग्रॅम भरले, म्हणजे दाण्याला 50 मिलिग्रॅम. मिरीत पायपरिन साधारण 5 टक्के धरलं तर एका दाण्यात अडीच मिलिग्रॅम. 20 मिलिग्रॅमसाठी आठ दाणे. हे तर मसालेभातातही निघतील. गोची हळदीत आहे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन 3 टक्क्यांच्या आसपास. 2 ग्रॅम कर्क्युमिन हवं तर सुमारे 65 ग्रॅम हळद खावी लागेल. रात्रीच्या हळदीच्या दुधात आपण अर्धा चमचा टाकतो, त्यात जेमतेम 45 मिलिग्रॅम. प्रयोगातला डोस गाठायला असे चव्वेचाळीस पेले. तेव्हा हळदीच्या दुधात चिमूटभर मिरी टाकायची तर खुशाल टाका, चव चांगली लागते, घशालाही बरं वाटतं. त्या चिमटीनं हळदीचं औषध होत नाही, आणि तेवढ्या मिरीला घाबरायचंही कारण नाही. गोष्ट बदलते ती अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरल्यावर, आणि ती कॅप्सूल रोज घेतल्यावर.

मिरीचा हा गुण खऱ्याखुऱ्या औषधात वापरण्याचा प्रयत्नही भारतातच झाला. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनचा मोठ्या माणसाचा नेहमीचा एक डोस 450 मिलिग्रॅम. जम्मूच्या त्याच प्रयोगशाळेनं आणि अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सनं मिळून एक गोळी आणली, रिसोरिन. तिच्यात 200 मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन, 300 मिलिग्रॅम आयसोनायझिड (हेही क्षयावरचंच) आणि 10 मिलिग्रॅम पायपरिन. ही गोळी 2009 मध्ये बाजारात आली. निम्म्याहून कमी औषधात तेवढंच काम, हा विचार मला आजही सुंदर वाटतो. औषध महाग असेल आणि रुग्ण गरीब असेल तेव्हा तर फारच. पण सरकारी क्षयरोग कार्यक्रमातल्या गोळ्यांत आजही मिरी नाही. तिथे वजनाप्रमाणे पूर्ण डोस देतात. टीबीत डोस थोडा जरी कमी पडला तर जंतू औषधाला सरावतो, आणि मग तो एका रुग्णापुरता प्रश्न राहत नाही. म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. टीबीच्या गोळ्या अर्ध्या करून वर मिरपूड खाण्याचा उद्योग कुणी करू नये. कारखान्यात मोजून, रक्तात तपासून केलेली गोळी वेगळी आणि स्वयंपाकघरातला अंदाज वेगळा.

शिवाय पोचवा दरवेळी पोचवतोच असंही नाही. सशांना त्रिकटूबरोबर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलं तेव्हा रक्तातलं प्रमाण उलट घटलं. आयसोनायझिडचंही सशांत तसंच झालं. एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही, ही या विषयातली खरी डोकेदुखी आहे.

मिरीहून गाजलेली गोष्ट मात्र एका फळाची. कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन ही बीपीची गोळी आणि दारू यांचा संबंध तपासत होते. कोणाला दारू मिळाली आणि कोणाला नाही हे कळू नये म्हणून दारूची चव झाकणारा रस हवा होता. ग्रेपफ्रूटचा रस निवडला गेला. निकाल आले तेव्हा दारू राहिली बाजूला, रक्तातलं फेलोडिपिनच अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं. ज्यांना दारू दिली नव्हती त्यांच्यातही. संशय अखेर रसावर आला. 1989 मध्ये त्याची पहिली नोंद झाली, 1991 मध्ये नीट प्रयोग करून ती पक्की झाली.

ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन नावाची रसायनं आतड्याच्या पेशीतल्या सीवायपी3ए4 ला नुसती अडवत नाहीत, कायमची निकामी करतात. कुलपात काडी मोडून ठेवावी तसं. नवं एन्झाइम तयार होईपर्यंत दार उघडंच राहतं, आणि त्याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणूनच 'रस सकाळी घेतो, गोळी रात्री घेतो' हा तोडगा इथे चालत नाही.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे कोण खातं, असं म्हणाल. पण ग्रेपफ्रूट हे संत्र्याच्या आणि पपनसाच्या संकरातून आलेलं पोर आहे, आणि फ्युरानोकुमरिनं त्याच्याकडे पपनसाकडूनच आलीत. पपनस तर आपल्या परसात असतं. गोव्यात आणि तळकोकणात गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीला टांगतात, मग विसर्जनानंतर घरभर वाटून खातात. कुठल्या झाडाच्या फळात किती फ्युरानोकुमरिन हे जातीवर अवलंबून असतं, त्यामुळे एक फोड खाल्ल्यानं काही होईलच असं नाही. पण किडनी बदललेल्या माणसाची, शरीरानं ती नाकारू नये म्हणून दिलेली सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेल, कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन किंवा अॅटोरव्हास्टॅटिन असेल, तर पपनस लांबच ठेवावं. अशा वेळी माटोळीचं पपनस शेजाऱ्यांना द्यावं, पुण्य तेवढंच.

याच रसाची दुसरी बाजू ऐकून लोक गोंधळतात. अॅलर्जीवरची फेक्सोफेनाडिन ही गोळी आतड्यात वाहक प्रथिनाचा हात धरून आत शिरते. ग्रेपफ्रूटचा, संत्र्याचा, सफरचंदाचासुद्धा रस तो हातच सोडवतो. मग औषध वाढायच्या ऐवजी घटतं आणि शिंका चालूच राहतात. 'गोळी पाण्याबरोबर घ्या' हे आम्ही फार्मासिस्ट सवयीनं म्हणतो असं वाटत असेल, तर त्यामागे हे आहे.

आणि काही वनस्पती पंपांची संख्याच वाढवतात. युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही त्यातली. झुरिकमध्ये हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांनी ती घेतली, त्यांचं सायक्लोस्पोरिन घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. ही नोंद 2000 सालची. बिनविषारी, दुकानात मिळणारी वनस्पती. तिनं स्वतः काहीच बिघडवलं नव्हतं, फक्त दुसऱ्या औषधाला बाहेरची वाट दाखवली.

पापुद्र्यालाच हात घालणारे पोचवे वेगळे. रिठ्याचा फेस ज्यामुळे होतो ती सॅपोनिनं पापुद्र्यातल्या कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतात आणि तिथे छिद्रं पाडतात. औषधाला यापेक्षा रुंद वाट कोणती? पण तीच छिद्रं तांबड्या पेशीला पडली तर ती फुटते. म्हणून सॅपोनिनं वापरायची तर निवडून, शुद्ध करून, अगदी मोजकी. (पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर21 या मलेरियाच्या लशीत क्विलाया झाडाच्या सालीतली अशी सॅपोनिनं आहेत. तिथे त्यांचं काम शोषणाचं नाही, प्रतिकारशक्तीला जागं करण्याचं आहे, पण जात तीच.) कोरफडीचा गर पेशींमधले टाके तात्पुरते सैल करतो, असं प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर दिसलंय. शेवग्याच्या शेंगेतल्या नियाझिरिडिनवर लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेत काम झालंय. यातलं अजून मेडिकलच्या फळीपर्यंत फारसं काही पोचलेलं नाही.

फळीवर वर्षानुवर्षं आहे तो बाम. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींच्या विटांचा आणि मध्ये स्निग्ध चुन्याचा. पुदिन्यातलं मेंथॉल, कापूर, निलगिरीचं तेल ही त्या चुन्याची घडण विस्कटतात आणि सोबतचं वेदनाशामक आत झिरपतं. बाम लावून वर गरम पट्टी गुंडाळली की आणखी झिरपतं, म्हणून तसं करू नका असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. तान्ह्या बाळाची कातडी आधीच पातळ. खोबरेल तेलात कापूर घालून बाळाच्या छातीला चोळायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. आजी रागावल्या तरी चालेल, पण कापूर असलेलं काहीही दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नका. कापूर जास्त गेला तर बाळाला आकडी येऊ शकते.

आकडीवरून पुन्हा काकांच्या डब्याकडे. काकूंची फिटची गोळी म्हणजे फेनिटॉइन. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात फेनिटॉइन चालू असलेल्या रुग्णांना 20 मिलिग्रॅम पायपरिन एकदाच देऊन पाहिलं होतं. रक्तातलं औषध वाढलं. वाढ फार मोठी नव्हती. दुसरं कुठलं औषध असतं तर मी 'बघा, लक्ष ठेवा' एवढंच म्हटलं असतं. पण फेनिटॉइनचं गणित सरळ नाही. लिव्हरची ते मोडायची क्षमता लवकर भरते, आणि भरल्यावर थोडीशी वाढसुद्धा रक्तात मोठी उडी मारते. मग तोल जातो, डोळ्यांपुढे दुहेरी दिसतं, बोलणं अडखळतं. साठीच्या बाईला असं झालं तर घरचे म्हणणार, वय झालं. दम्याच्या थिओफायलिनचं आणि बीपीच्या प्रोप्रानोलोलचं प्रमाणही पायपरिननं माणसांत वाढल्याचं दिसलंय.

दुसरी गोष्ट त्या डब्यातल्या हळदीची. अमेरिकेत औषधांमुळे लिव्हरला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटानं हळदीच्या गोळ्यांमुळे लिव्हर बिघडलेले 10 रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकजण दगावला. तपासलेल्या सात डब्यांपैकी तीनमध्ये पायपरिन होतं. बहुतेकांच्यात एक ठरावीक जनुकीय खूणही सापडली, म्हणजे हे कुणालाही होईल असं नाही. पण कर्क्युमिन शोषलं जात नव्हतं तोवर ते निरुपद्रवी होतं, हे तर खरंच. पिढ्यान् पिढ्या आपण हळद खाल्ली ती न शोषली जाणारी. तिचा सुरक्षिततेचा दाखला शोषल्या जाणाऱ्या हळदीला आपोआप लागू होत नाही.

काकांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. मागे तीन गिऱ्हाईकं उभी होती. "काका, डबा कोण घेणार, तुम्ही की काकू?" एवढंच विचारलं.

"गुडघे दोघांचेही दुखतात," ते म्हणाले.

मग चिठ्ठीच्या पाठीवर डब्यातली दोन्ही नावं आणि मिलिग्रॅम लिहून दिले आणि काकूंच्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. काकांना स्वतःच्या बीपीच्या गोळीचं नावही आठवेना, फक्त 'ती गुलाबी' एवढंच. तीही चिठ्ठीवर लिहायची म्हणून मी रिकामी स्ट्रिप मागितली, तर म्हणाले उद्या आणतो. डबा तोवर माझ्याकडेच ठेवून गेले.